अकरा चुकांचा स्वेटर

"चूक कुठाय? दाखव."

एस्तेरबाईंनी मान वर केली नाही. समोर लाकडी ताट, हातात ब्रश, आणि ताटाच्या काठानं निघालेली लाल वेल अर्ध्यावर आलेली.

"एक असती तर गप्प बसलो असतो, बाई. अकरा आहेत! मोजून अकरा!"

वामनराव पिंपळखुट्यांनी पिशवीतून स्वेटर ओढला आणि टेबलावर आपटला. रंगाच्या वाट्या खणखणल्या.

काळ्या लोकरीचा स्वेटर, त्यावर बारीक पांढरे ठिपके, वर चांदण्यांची एक रांग. खांदे नाहीत, बाह्या नाहीत, गळा नाही. छातीपर्यंत येऊन थांबलेलं नुसतं नळकांडं. आणि त्यावर ठिकठिकाणी लाल दोऱ्याच्या गाठी. ज्या टाक्यात चूक, त्या टाक्यात गाठ.

"आणि हा तक्ता." त्यांनी आलेखाचा कागद उलगडला. "फेरी नंबर, टाका नंबर, चुकीचा प्रकार. सगळं लिहून काढलंय."

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता पाटबंधारे खात्याला पाठवून दे."

हा टोला मुद्दाम होता. वामनरावांची चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणा-कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली होती. त्यांच्या नकाशातली रेघ केसभर वाकडी गेली नाही, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. न भेटेल त्याच्या घरी जाऊन सांगत.

पण हा असा नॉर्वेच्या पद्धतीचा स्वेटर विदर्भातल्या चिखलदऱ्याला आला कुठून? तर फार वर्षांपूर्वी सिग्रिड नावाची एक नर्स त्या बर्फाच्या मुलखातून इथल्या मिशनच्या दवाखान्यात आली. तीस वर्षं लोकांचे ताप उतरवले आणि जाताना दोन गोष्टी ठेवून गेली. एक, लाकडावर वेली-फुलं रंगवायची तिच्या गावाकडची रीत. दुसरी, दोन रंगांच्या लोकरीनं गोल सुईवर स्वेटर विणायची. दोन्ही गोष्टी एस्तेर उजगरे नावाच्या, दवाखान्यात पट्ट्या धुणाऱ्या पोरीनं उचलल्या. ती पोर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि सगळ्या गावाला अरे-तुरे करत होती.

स्वेटरवरच्या त्या ठिपक्यांना सिग्रिडच्या देशात उवा म्हणतात. इथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "छे गं बाई, अंगभर उवा कशाला? तीळ म्हणा." तेव्हापासून ते तीळ झाले.

रंगकामाचा नियम मात्र कोणाला बदलता आला नाही. ब्रश एकदा टेकवला की वळण पुरं होईपर्यंत उचलायचा नाही. उचलला की त्या वळणाला पुन्हा हात लावायचा नाही.

वामनरावांची बायको सुलभा नऊ वर्षं दर गुरुवारी परतवाड्याहून घाट चढून बाईंकडे यायची. वामनराव तिची थट्टा करायचे. "आमच्या विदर्भात राहून स्वेटर विणतेस. उद्या वाळवंटात होडी बांधशील!"

सुलभा हसायची आणि विणायची.

दोन वर्षांपूर्वी, माघात, ती गेली. हा काळा स्वेटर चौऱ्याऐंशी फेऱ्यांवर राहिला. नवऱ्याच्याच मापाचा होता.

तेराव्यानंतर वामनराव तो घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. "मला शिकवा. हा मी पुरा करणार."

बाईंनी आधी त्यांच्या हातात ब्रश दिला. एकच वळण, चार महिने. वामनराव घरून नकाशाची प्लास्टिकची वळणपट्टी आणून गुपचूप तिच्या कडेनं ब्रश फिरवायचे. बाईंनी ती पट्टी पकडली आणि चुलीत घातली. तिचा धूर दोन दिवस घरात होता.

मग विणकाम. ते वामनरावांना मानवलं. रंगात चुकलं की चुकलं. लोकरीत चुकलं की ओढा, उसवा, पुन्हा विणा. इतका न्याय त्यांना आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता. टोप्या झाल्या, मोजे झाले, आणि गेल्या दिवाळीनंतर त्यांनी सुलभाचा स्वेटर सुईवर घेतला.

आणि आता हे.

"दोनशे चाळीस टाके हवेत बाई, दोनशे एकोणचाळीस आहेत! त्रेपन्नाव्या फेरीत तिनं एक टाका गाळलाय. मला कळलं कधी? छातीवरच्या चांदण्या विणून झाल्यावर. नऊ चांदण्या नीट बसल्या, आणि दहावी, अगदी समोरची, एका टाक्यानं सरकली. जन्मभर छातीवर वाकडी चांदणी घेऊन फिरू का मी?"

बाईंचा ब्रश चालूच होता.

"बावन्न फेऱ्या सोन्यासारख्या! आणि तिथून पुढे सगळा गचाळपणा. पांढऱ्याच्या जागी काळा, काळ्याच्या जागी पांढरा. लक्ष कुठे होतं हिचं? कपाचे कान एका ओळीत लावून ठेवणारी बाई ही. माझ्याच स्वेटरला हिला असं विणायचं होतं?"

बोलता बोलता आवाज चढला होता. बायको गेल्याचा राग माणूस काढणार कोणावर? वामनरावांना दोन वर्षांनी त्याला जागा सापडली होती.

"काय करणार आहेस मग?"

"उसवणार. वरच्या माझ्या चौतीस फेऱ्या, आणि खालच्या तिच्या बत्तीस. त्रेपन्नपर्यंत. लोकर तीच, सुई तीच. तिचा स्वेटर आहे, तो बिनचूकच व्हायला हवा."

"उसव ना. माझ्याकडे काहून आलास?"

"एकट्यानं कसा उसवू? दोन रंगांची लोकर आहे. तुम्हीच शिकवलंय, एकानं ओढायचं, दुसऱ्यानं गुंडाळायचं. नाहीतर सगळा गुंता होतो."

बाईंनी वेलीचं पुढचं वळण घ्यायला घेतलं.

"बाई, मी काहीतरी विचारतोय!"

वामनरावांनी टेबलावर मूठ मारली. ब्रश घसरला. वेलीच्या टोकाला एक लाल फराटा उमटला, बोटभर लांब.

वामनरावांनी घाईघाईनं टर्पेंटाइनचं फडकं उचललं. बाईंनी ब्रशच्या दांडीनं त्यांच्या बोटांवर फाडकन मारलं.

"हात मागे!"

"डाग पडलाय, बाई."

"दिसतोय मला."

"ओला आहे तोवर पुसला जाईल."

"मूठ तुझी, ताट माझं, अन् पुसायची घाईही तुलाच. हात मागे घे म्हटलं ना!"

बाईंनी ब्रश धुतला, कोरडा केला, उभा ठेवला. मग खुर्ची ओढून वामनरावांच्या समोर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"चल. ओढ."

वामनराव दचकले. ते भांडायच्या तयारीनं आले होते. घाटातल्या प्रत्येक वळणावर त्यांनी एकेक उत्तर तयार केलं होतं. सगळी फुकट गेली.

त्यांनी सुई बाहेर काढली. टाके उघडे पडले. टोक धरून त्यांनी लोकर ओढली आणि चांदण्या विरायला लागल्या.

काळी लोकर बाईंच्या डाव्या हाताशी, पांढरी उजव्या हाताशी. दोन गोळे वाढत गेले. वामनरावांची दोन महिन्यांची मेहनत तासाभरात गेली आणि त्यांना तिचं काही वाटलं नाही. आपलं आपण उसवायला त्यांना कधी जड गेलं नव्हतं.

"थांब," बाई म्हणाल्या. "ही तुझी शेवटची फेरी होती?"

"हो."

"पुढची तिची."

"ठाऊक आहे मला. नंबर घालून आणलंय सगळं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं… मग म्हणाल्या, "ओढ."

वामनरावांनी ओढली. सुलभानं विणलेली शेवटची फेरी, एकेक टाका सुटत गेली. मधेच लाल दोऱ्याची एक गाठ सुटून फरशीवर पडली.

"बघा!" वामनराव म्हणाले. "अकरावी चूक. गेली की नाही?"

"गेली," बाई म्हणाल्या. "ती फेरी विणायला तिला सबंध दुपार लागली होती."

"एका फेरीला? काहीतरीच."

"केमोच्या औषधांनी बोटं बधिर झाली होती तिची. सुई हातात आहे की नाही ते कळत नव्हतं. एकेक टाका डोळ्यांनी बघून उचलत होती. तुला सांगितलं होतं तिनं?"

"नाही… मला म्हणाली, बरं वाटतंय."

"तू त्या गुरुवारी बाहेर गाडीत होतास. पेपर वाचत होतास. मग धुकं उतरायला लागलं, अन् तू हॉर्न वाजवायला लागलास."

वामनरावांचा हात थांबला.

"पहिल्या हॉर्नला ती म्हणाली, आलेच. दुसऱ्याला मी म्हटलं, राहू दे गं, पुढच्या गुरुवारी कर. ती म्हणाली, एवढी फेरी पुरी होऊ द्या. तिसऱ्याला टाका चुकला."

वामनरावांनी फरशीवरची लाल गाठ उचलली.

"पुढचा गुरुवार झाला नाही."

"धुकं होतं बाई! घाट होता. आजारी बाईला अंधारातून नेऊ का मी? मला काय माहीत आत काय चाललंय!"

"मी कुठे म्हटलं तुला माहीत होतं? आता दहावी. ओढ."

"थांबा जरा."

"थांबायचं काहून? दहावी चूक, ब्याऐंशीवी फेरी. त्या दिवशी इथेच ओकली ती, त्या मोरीत. ओढ! नववी. दुखायची गोळी घेऊन आली होती, विणता विणता झोपली. मी तिच्या हातातून सुई काढली नाही. ओढ ना! तक्ता आणलास ना एवढा? सगळं लिहिलंयस ना? त्यात हे घाल."

"बाई…"

"अन् पहिली. त्रेपन्नावी फेरी. तो गळालेला टाका. नारळी पौर्णिमेच्या आधीचा गुरुवार होता. अमरावतीहून रिपोर्ट घेऊन ती घरी न जाता सरळ इथे आली. पाणीसुद्धा प्यायली नाही, विणायला बसली. तिचा टाका गळताना मी पाहिला. सांगितलं नाही."

वामनराव हिशोबाचे पक्के. पण हा हिशोब त्यांच्यानं लवकर होईना.

"नारळी पौर्णिमा…" ते म्हणाले. "मला तिनं दिवाळीनंतर सांगितलं. भाऊबीज झाल्यावर."

"हो."

"म्हणजे श्रावण, भाद्रपद, आश्विन… तिला माहीत होतं?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

वामनराव उठले. खुर्ची मागे पडली.

"तीन महिने! नवरा मी, आणि तीन महिने मला ठाऊक नाही! मी त्या घरात तिच्याकडून डबा करून घेतोय, मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवतोय, आणि तुम्ही इथे बसून तिचे टाके बघताय? कोण तुम्ही? कोणी अधिकार दिला तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मी तिला मुंबईला नेलं असतं! वाचवलं असतं मी तिला!"

"नसतं."

"तुम्ही कोण ठरवणार?"

"मी नाही. दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवाळीनंतर तू जे जे केलंस, त्यानं पंधरा दिवस वाढले. फार तर महिना."

"ते मी बघितलं असतं! ते माझं होतं बघायचं!"

"तेच म्हणायची ती." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "म्हणायची, 'ह्यांना सांगितलं की हे फाइल उघडतील. तक्ते करतील. मी उठले किती वाजता, जेवले किती, सगळं लिहितील. माझ्याकडे बघतील तेव्हा काय बिघडलंय तेवढंच बघतील. बाई, मला चार दिवस त्यांची बायको राहू द्या.' असं म्हणायची. झालं समाधान?"

"आणि तुम्ही ऐकलंत!"

"दर गुरुवारी भांडले मी तिच्याशी! दर गुरुवारी म्हटलं, बये, त्याला सांग, त्याचा हक्क आहे. शपथ घातली तिनं मला. हरले मी. तुला काय वाटतं, राग फक्त तुलाच येतो? अजून रागावलेय मी तिच्यावर. तुझ्यावरही. तीन महिने तुझ्या समोर बसून जेवली ती, अन् तुला दिसलं ते मीठ!"

वामनरावांना स्वेटर भिंतीवर फेकून मारावासा वाटला. बाईंना मारावंसं वाटलं. सुलभा समोर असती तर तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं असतं. त्यांनी टेबलावरचा स्वेटर मुठीत धरला आणि उचलला.

आणि एक टाका सुटला.

सुई नव्हतीच. सगळे टाके उघडे होते. त्यातला एक निसटला आणि सरसर खाली उतरायला लागला. एक फेरी… दुसरी… दहाव्या गाठीच्या दिशेनं.

वामनरावांच्या तोंडून नुसताच आवाज निघाला. त्यांनी खाली पडलेली खुर्चीही उचलली नाही. मटकन फरशीवर बसले, अंगठ्यानं तो टाका दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं सुई चाचपायला लागले. सुई बाईंच्या पायाशी होती. बाईंनी ती पायानं त्यांच्याकडे सरकवली.

"आणखी ओढायचं होतं ना?"

पळालेला टाका वामनरावांनी सुईच्या टोकावर पकडला, वर आणला, जागेवर ठेवला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. एकेक टाका डोळ्यांनी बघून घ्यावा लागत होता.

मधे एकदा ते ओरडले, "मला सांगायला हवं होतं तिनं!"

"हवं होतं," बाई म्हणाल्या.

मधे एकदा चष्मा पुसावा लागला. तेव्हा बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

दोनशे एकोणचाळीस टाके. बाहेर ऊन कलून गेलं तेव्हा सगळे सुईवर आले होते. वामनरावांनी ते पुन्हा मोजले नाहीत. कागदाचा तक्ता टेबलाखाली पडला होता, तोही त्यांनी उचलला नाही.

राग गेला नव्हता. चेहऱ्यावर दिसतच होता. पण स्वेटर त्यांनी मांडीवर घेतला होता, आणि उरलेल्या दहा गाठींवरून त्यांचं बोट फिरत होतं.

"एक फेरी गेली," ते म्हणाले. "तिची शेवटची."

"गेली."

"तुम्ही मला थांबवलं नाहीत."

"नाही थांबवलं."

वामनरावांनी घसा साफ केला. बोलले ते नेहमीच्या, कुरकुरत्या, नकाशाखात्यातल्या आवाजात.

"पण आता वर पुन्हा चांदण्या घ्यायच्या, तर त्या बसायच्या कशा? खाली तिचा एक टाका कमी आहे. माझी नक्षी दोनशे चाळिसाची. समोर आली की ती तिच्या टाक्यांशी जुळतच नाही, बाई. काय करू?"

एस्तेरबाईंनी काळ्या लोकरीचा गोळा त्यांच्या मांडीत टाकला.

"तू सरक."